पंगतीतले उरलेले अन्न वाटताना : गावच्या स्वयंसेवी गटांनी कायदा कसा सांभाळावा

मे महिन्यातील लग्न होते. सकाळी साडेदहाला शिजलेला भात दुपारच्या पंगतीनंतर उरला आणि आम्हाला फोन आला तेव्हा सायंकाळचे साडेपाच वाजले होते. दोन गंज (मोठी पातेली) भात, साधारण चाळीस किलो, मांडवाच्या मागे ताडपत्रीच्या सावलीत ठेवलेला होता. झाकण काढले तर कडेचा भात गार आणि मधला अजून हाताला कोमट लागत होता, आणि एक ढेकूळ फोडून पाहिले तेव्हा शितांच्या मध्ये बारीक तार सुटलेली दिसली. वास मात्र फारसा आलेला नव्हता. आम्ही नाही म्हटले. यजमानांचा मोठा मुलगा मनातून दुखावला आणि ‘अन्नाला नाही म्हणता का?’ हा त्याचा प्रश्न पुढे आठवडाभर गावात फिरत राहिला. तो भात आम्ही घेतला असता, वीटभट्टीवर वाटला असता आणि कोणाला उलट्या झाल्या असत्या, तर कायद्याने कोणाला धरले असते, याचे उत्तर मात्र त्या दिवशी आमच्या गटातील एकालाही देता आले नव्हते. लग्न, तेरवी, भंडारा, महाप्रसाद यांतील उरलेले अन्न उचलून वाटणाऱ्या आणि तेव्हाच्या आमच्यासारखी कोठेही नोंद नसलेल्या गटांसाठी हे लेखन आहे.

आधी कायदा नेमका काय म्हणतो ते पाहावे

आपल्या देशात उरलेले अन्न दान करण्याची सक्ती करणारा कायदा नाही. फ्रान्सने २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किराणा दुकानांना न विकलेले खाद्यपदार्थ सेवाभावी संस्थांना देण्यासाठी करार करणे बंधनकारक केले, आणि अमेरिकेत १९९६ पासून सद्भावनेने अन्नदान करणाऱ्याला दाव्यांपासून कायदेशीर संरक्षण आहे. आपल्याकडे ना ती सक्ती आहे ना तसे स्वतंत्र संरक्षण. आपल्याला लागू होतो तो अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६, आणि त्याची भाषा स्वयंसेवकांना वाटते त्यापेक्षा बरीच रुंद आहे.

या कायद्याच्या कलम ३ मधील ‘अन्न व्यवसाय’ या शब्दाच्या व्याख्येत नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खासगी, अन्नाचे उत्पादन, साठवण, वाहतूक किंवा वितरण करणारा कोणताही उपक्रम येतो. म्हणजे ‘आम्ही एक रुपयाही घेत नाही’ हे वाक्य नैतिकदृष्ट्या कितीही मोलाचे असले, तरी या कलमापुढे ते उपयोगाचे नाही. त्याचप्रमाणे ‘आमची संस्था नाही, नुसता गट आहे’ हे म्हणणेही टिकत नाही, कारण कंपन्यांच्या गुन्ह्यांविषयीच्या कलम ६६ मध्ये ‘कंपनी’ या शब्दात व्यक्तींच्या इतर समूहांचाही समावेश केलेला आहे आणि त्या समूहाचे काम ज्याच्या हाती होते तो जबाबदार धरला जातो.

या मूळ कायद्याखाली केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाविषयी स्वतंत्र विनियम २०१९ मध्ये केले आणि ते १ जुलै २०२० पासून लागू झाले. त्यांत दोन पक्ष आहेत : अन्न देणारा, मग तो व्यावसायिक असो वा एखादी व्यक्ती, आणि नफ्याचा हेतू न ठेवता ते अन्न गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचवणारी संस्था किंवा व्यक्ती. ‘किंवा व्यक्ती’ हे दोन शब्द ग्रामीण गटांनी नीट वाचावेत. अन्न सुरक्षित असावे, इतर मालापासून वेगळे ठेवलेले असावे, ते काय आहे आणि केव्हाचे आहे हे त्यावर लिहिलेले असावे, नोंद ठेवलेली असावी आणि ते विकले जाऊ नये, अशी ही एकंदर चौकट आहे. घरातील मामीने शेजारणीकडे वाटीभर भाजी पाठवली तर कोणी कायद्याचे पुस्तक उघडत नाही. पण गटाला नाव आहे, भ्रमणध्वनी क्रमांक गावभर माहीत आहे, ॲपे किंवा पिकअप ठरलेली आहे आणि महिन्यातून चार वेळा अन्न उचलले जाते, अशी स्थिती असेल तर माझ्या मते ‘आम्ही अनौपचारिक आहोत’ ही समजूत सोडून द्यावी आणि नोंदणी करून घ्यावी.

नोंदणी

हे काम वाटते तितके किचकट नाही, त्यामुळे त्यावर फार शब्द खर्च करत नाही. २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांत वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या लहान व्यावसायिकांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली गेली, आणि धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमांत अन्न वाटणाऱ्यांचा, केटरर सोडून, त्याच वर्गात स्पष्ट उल्लेख केला गेला. त्या नियमांत शुल्क वर्षाला १०० रुपये ठरले होते. मर्यादा आणि शुल्क यांत बदल होऊ शकतो, म्हणून अर्ज भरताना संकेतस्थळावर दिसेल तो आकडा खरा मानावा.

अर्ज ‘फॉसकॉस’ या केंद्रीय संकेतस्थळावर करावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी आपले सरकार सेवा केंद्रात तो भरून मिळतो. अर्जदाराचे छायाचित्र, ओळखपत्र आणि पत्ता लागतो. अर्ज आल्यापासून ७ दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, कारण देऊन नाकारावी किंवा पाहणीची नोटीस द्यावी, असे नियमात आहे. ‘व्यवसायाचा प्रकार’ या रकान्यात काय निवडायचे यावर मात्र सेवा केंद्रातील मुलगा गडबडतो आणि काहीतरी टिचकवून मोकळा होतो. आमच्याही अर्जात एकदा ‘किरकोळ विक्रेता’ असे पडले होते, ते रद्द करून पुन्हा भरावे लागले. म्हणून आधी जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आपले काम सांगावे आणि प्रकार विचारून घ्यावा. हा एक फेरा वाया जात नाही, कारण पुढे काही विपरीत घडले तर तो अधिकारी आपल्याला ओळखत असतो.

संस्था नोंदलेली नसेल तर अर्ज एखाद्या सदस्याच्या नावाने करता येतो. तेथे गावाकडे हमखास होणारी चूक म्हणजे सरपंचाचे किंवा गावातील वजनदार माणसाचे नाव मानापोटी घालणे. जो प्रत्येक फेरीला गंजाचे झाकण स्वतः उघडतो त्याचेच नाव घालावे, कारण उद्या उत्तरे त्यालाच द्यावी लागणार आहेत. सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करण्याची घाई, देणग्या गोळा करण्याचा विचार नसेल तर, करू नये. देशात रॉबिन हूड आर्मीसारखे मोठे स्वयंसेवी जाळे २०१४ पासून पैसा न स्वीकारता काम करते आहे. पैसा नसला की हिशेब, ठराव आणि भांडणे या तिन्ही गोष्टी टळतात.

अन्न उरण्याआधी बोलणे करावे

आमच्या कामातील सर्वांत मोठा फरक येथे पडला, आणि तो कायद्याने नव्हे तर आचाऱ्याने पाडला. फोन जेवणे आटोपल्यावर येतो हीच मूळ अडचण आहे. त्यामुळे लग्नाची तारीख कळली की दोन दिवस आधी यजमान आणि आचारी या दोघांशी एकत्र बसून बोलावे. केटरर असेल तर त्याचा १४ अंकी अन्न सुरक्षा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. तो क्रमांक त्याच्या बिलावर असतो, नसेल तर तीही एक माहितीच आहे.

या बोलण्यात चार गोष्टी ठरवाव्यात. पहिली, वाढप्यांच्या बादल्यांतील आणि ताटांतील अन्न आपण घेणार नाही; पंगतीत न गेलेला, स्वयंपाकाच्या जागीच राहिलेला गंजच फक्त घेणार. दुसरी, भाताचा शेवटचा घाणा पाहुण्यांचा अंदाज आल्याशिवाय टाकायचा नाही. तिसरी, वरण आणि रस्सा भाजीचा एक गंज निखाऱ्यावर किंवा मंद आचेवर शेवटपर्यंत झाकून ठेवायचा. चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची, न शिजवलेला शिधा बाजूला काढून ठेवायचा. तांदळाचे न फोडलेले कट्टे, तुरीची डाळ, गूळ, तेलाचा सीलबंद डबा यांना घड्याळ लागत नाही, ते चार दिवसांनीही देता येतात, आणि घेणाऱ्या कुटुंबाला तो शिधा आपल्या चुलीवर, आपल्या चवीने शिजवता येतो. ज्या घरच्या भाताला आम्ही नाही म्हटले होते, त्याच घरी पुढच्या वर्षी तेरवी होती. त्या दिवशी सकाळी अकरालाच आचाऱ्याचा फोन आला : शेवटचा घाणा टाकू की तांदूळ तसेच तुमच्यासाठी ठेवू?

रोडग्यांच्या कार्यक्रमाला हे सगळे सोपे जाते, कारण गोवऱ्यांच्या आगीत भाजलेला कोरडा रोडगा टिकतो आणि वरण पुन्हा उकळता येते. बुफेच्या लग्नात मात्र उघड्यावर दोन-तीन तास ठेवलेल्या ट्रेमधील पदार्थ कितीही आकर्षक दिसले तरी घेऊ नयेत. शंभर हातांनी तोच डाव धरलेला असतो.

घड्याळ, हात आणि नाक, याच क्रमाने

गावातील बहुतेक माणसे अन्नाची परीक्षा नाकाने करतात. वास आला नाही म्हणजे चांगले, हा आपला पिढीजात न्याय आहे. रोगकारक जिवाणूंच्या बाबतीत तो फसतो. भातात राहणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूची बीजे शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात, आणि त्यातील उलट्या घडवणारे विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. हातावरील जखमेतून किंवा नाकातून अन्नात उतरणाऱ्या स्टॅफिलोकोकसचे विषही असेच उष्णतेला दाद देत नाही. दोन्ही प्रकारांत अन्नाला वास येईलच असे नाही. म्हणून ‘एक उकळी आणून देऊ’ हा उपाय प्रत्येक ठिकाणी चालत नाही.

अन्नसुरक्षेतील हिशेब असा आहे की शिजलेले अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली असावे. मधल्या पट्ट्यात ते दोन तासांपेक्षा अधिक राहू नये, आणि भोवतालचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि मांडवाच्या पत्र्याखाली त्याहून अधिक असतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याला तो एकच तास मिळतो. शहरातील गटांना शीतगृह, बंद व्हॅन आणि वीस मिनिटांवरचे वाटपाचे ठिकाण मिळते. आपल्या फेरीत बारा किलोमीटरचा कच्चा रस्ता असतो आणि दुपारी भारनियमनही असू शकते. त्यामुळे नियम आपल्यासाठी शहरापेक्षा कडक धरावा.

आमची पद्धत पुढीलप्रमाणे आहे. गंज आचेवरून कधी उतरवला हे आचाऱ्याला विचारावे आणि त्याच्या शब्दांत लिहावे. ‘आताच’ हे उत्तर मान्य करू नये, वेळ विचारावी. काही शे रुपयांत मिळणारा सळईचा डिजिटल तापमापक उकळत्या पाण्याने धुऊन गंजाच्या मध्यभागी आणि कडेला असा दोन ठिकाणी लावावा. दोन्ही ठिकाणी ६० च्या वर असेल तर निर्धास्त घ्यावे. वरण किंवा रस्सा थोडा उतरला असेल आणि तास उलटलेला नसेल, तर तेथेच चुलीवर चढवून ढवळत खळखळ उकळी आणावी आणि मगच भरावे. भाताच्या बाबतीत ही सवलत देऊ नये. तास उलटला की भात नको, मग तो कितीही मोकळा आणि पांढराशुभ्र असो.

काही पदार्थ आम्ही ऋतू न पाहता नाकारतो : मठ्ठा, दही, श्रीखंड, खव्याची मिठाई, खीर, बासुंदी, कापलेली फळे, ओल्या खोबऱ्याची चटणी, कोशिंबीर आणि मांसाहारी रस्सा. मटणाचा रस्सा नाकारताना आपल्याकडे फार वाईट वाटते, कारण वीटभट्टीवरच्या माणसाला तो वर्षातून दोनदाही मिळत नाही. पण मोठ्या गंजातील दाट रस्सा आतून तासन्‌तास कोमट राहतो आणि तेच सर्वांत धोक्याचे असते. उलट पोळ्या, पुऱ्या, कोरडी बुंदी, शेव, शंकरपाळे, भाजलेले पापड निर्धास्तपणे घेता येतात. उपवासाच्या भगरीच्या बाबतीत तर आम्ही शिजलेली भगर घेतच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसे आजारी पडली होती, आणि खाटा अपुऱ्या पडल्याने झाडांना दोऱ्या बांधून सलाईन लावावे लागले होते. तेथे अन्न उरलेले नव्हते, ताजे वाढलेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे शिळ्याच्या बाबतीत किती सावध असावे ते कळते.

भांडी आणि वाहन

स्टीलचे घट्ट झाकणाचे डबे किंवा दुधाच्या कॅनसारखी भांडी वापरावीत आणि ती फक्त याच कामासाठी ठेवावीत. कीटकनाशकाचा रिकामा ड्रम कितीही घासला तरी वापरू नये. कापसाच्या पट्ट्यात हे वेगळे सांगावे लागते ही खेदाची गोष्ट आहे, पण सांगावे लागते. खत-फवारणीची वाहतूक करणारी पिकअप अन्नासाठी घेताना तळाला धुऊन ताडपत्री अंथरावी.

पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत वरण बांधून देण्याची सवय दोन कारणांनी सोडावी. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तू बंद झाल्या. म्हणजे अन्न निर्दोष असूनही पिशवीपायी दंड भरायची पाळी येऊ शकते. दुसरे, उकळते वरण त्या पिशवीत ओतणे आरोग्यालाही बरे नाही. वर्तमानपत्रात पोळ्या गुंडाळणेही नियमबाह्य आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आपल्याकडे अजून मिळतात, आणि घेणाऱ्याला आपला डबा आणायला आधी सांगितले तर तेवढीही गरज उरत नाही.

कोणाला द्यावे, कोणाला देऊ नये

वीटभट्टी, कापूस वेचणीला आलेल्या मजुरांची पाले, ग्रामीण रुग्णालयात मुक्कामाला असलेले नातेवाईक आणि बसस्थानकावरील निराधार माणसे हे आमचे नेहमीचे चार थांबे. तेथे पोहोचल्यावर हे कोणत्या घरचे, केव्हा शिजलेले, शाकाहारी की मांसाहारी, हे मोठ्याने सांगतो. माहितीसह दिलेले अन्न नाकारण्याचा अधिकार घेणाऱ्याला असतो आणि तो त्याने वापरला तर राग मानू नये. तेथेच खाऊन घ्या, रात्रीसाठी ठेवू नका, हे सांगणे आवश्यक आहे, कारण आपण तासाचा हिशेब कितीही सांभाळला तरी पालात झाकून ठेवलेल्या डब्याचा तास आपल्या हाती नसतो.

शाळा, अंगणवाडी आणि आश्रमशाळेत उरलेले अन्न देऊ नये, हे आमचे ठाम मत आहे. तेथील आहाराची स्वतंत्र शासकीय व्यवस्था आहे. शिक्षक आधी चव घेतात, त्याची नोंदवही असते. आपण बाहेरून आणलेला गंज त्या साखळीत घुसवला की काही घडल्यास मुख्याध्यापक, मदतनीस ताई आणि आपण असे सगळेच गोत्यात येतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि म्हातारी माणसे यांना थोडी विषबाधाही जड जाते, म्हणून वृद्धाश्रमातही आम्ही फक्त शिधा देतो.

आणखी एक बाब कायद्याची नाही, पण सांगतो. वाटप करताना छायाचित्रे काढू नयेत. ओळीत उभ्या असलेल्या बाईला तिच्या माहेरच्या माणसांनी मोबाईलवर त्या ओळीत पाहिले, आणि ती पुन्हा कधी आली नाही.

वही

सगळ्या कायदेशीर तयारीत एकच गोष्ट करायची असेल तर दोनशे पानांची वही करावी. प्रत्येक फेरीला एक पान : तारीख, देणाऱ्याचे नाव, आचारी किंवा केटरर आणि त्याचा क्रमांक, पदार्थ, अंदाजे वजन, उतरवल्याची वेळ, घेतल्याची वेळ, तापमान, वाटल्याची ठिकाणे व वेळ, उपस्थित सदस्यांच्या सह्या आणि काय नाकारले व का. शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि तोच सर्वांत उपयोगी आहे, कारण तपासून नाकारण्याची आपली पद्धत आहे हे त्यातून दिसते. डब्यांवर चिकटपट्टीने पदार्थ, शिजल्याची वेळ, देणारा, वाटणारा गट, शाकाहारी-मांसाहारीचे हिरवे वा तपकिरी चिन्ह आणि ‘विनामूल्य, विक्रीसाठी नाही’ एवढे लिहावे. प्रत्येक पदार्थाची एक वाटी स्वच्छ डबीत, कोणाच्या तरी घरच्या फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवसापर्यंत वेगळी ठेवावी.

या वहीचे कायद्यातील स्थान कलम ८० मध्ये आहे. गुन्हा घडू नये म्हणून सर्व वाजवी खबरदारी घेतली आणि योग्य ती दक्षता बाळगली, हा बचाव त्या कलमात दिलेला आहे. दुसऱ्याने पुरवलेल्या माहितीवर विसंबलो आणि वाजवी तपासणी केली, हे दाखवता आले तर तो उभा राहतो. पण त्याच कलमात असेही म्हटले आहे की ‘मला तसे प्रामाणिकपणे वाटले होते’ हा चुकीच्या समजुतीचा बचाव चालणार नाही. थोडक्यात, चांगल्या मनाला तेथे जागा नाही, तापमापकाच्या नोंदीला आहे.

काही घडलेच तर

जेवणानंतर कोणाला उलट्या-जुलाब सुरू झाल्याचे कळले की १०८ वर फोन करावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला काय, किती वाजता, किती जणांना दिले हे वहीतून वाचून सांगावे. त्या दिवशीचे उरलेले अन्न फेकू नये, भांडी धुऊ नयेत, नमुन्याची डबी तशीच अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावी. इतर थांब्यांवर माणूस पाठवून राहिलेले अन्न खाऊ नका असे सांगावे. गावात पहिली प्रतिक्रिया सगळे लवकर आवरून टाकण्याची असते, त्यात पुरावा जातो आणि आपला बचावही जातो.

कलम ५९ नुसार असुरक्षित अन्नाच्या वितरणाने गंभीर इजा झाल्यास ६ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मृत्यू झाल्यास किमान ७ वर्षे ते जन्मठेप आणि किमान १० लाख रुपये दंड आहे. याशिवाय कलम ६५ प्रमाणे मृत्यूच्या प्रकरणी वारसांना किमान ५ लाख रुपये भरपाई द्यावी लागते. हे आकडे गटाच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक नव्या मुलाला वाचून दाखवावेत. आमच्याकडे दोघे ऐकून निघून गेले. जे राहिले ते झाकण उघडल्यावर घड्याळ पाहायला विसरत नाहीत.

जे नाकारले त्याचे काय

नाकारलेला गंज यजमानाच्या दारात सोडून यायचा नाही, कारण तो रात्री नाल्यात जातो किंवा गोठ्यात जातो. गोठ्यात जाणे अधिक वाईट. मोठ्या प्रमाणात भात किंवा पोळ्या एकदम खाल्ल्या की गाईबैलांच्या पोटात आम्ल वाढते, पोट फुगते, आणि वेळेत उपचार न मिळाल्यास जनावर दगावते. गोमातेला घास म्हणून चाळीस किलो भात घालणे हे पुण्य नव्हे. फार तर ओंजळभर, वैरणीत मिसळून.

नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत कार्यक्रम असेल तर घनकचरा नियमांकडेही पाहावे लागते. ८ एप्रिल २०१६ च्या नियमांत शंभराहून अधिक माणसांच्या कार्यक्रमाची सूचना विनापरवाना जागी किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला देणे आणि जागीच कचरा वेगळा करणे बंधनकारक केले गेले. हे नियम मुख्यतः नागरी भागांसाठी होते. सध्या कोणता नियम लागू आहे ते कार्यालयात विचारून घ्यावे. खेड्यात ग्रामपंचायत स्वच्छतेची जबाबदार असते, म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) आधी सांगितले तर खड्ड्यासाठी जागा मिळते.

गोबरगॅस असलेल्या घरी उरलेला भात आणि वरण पाण्यात कालवून रोज थोडे थोडे टाकता येते. एकदम सगळे ओतल्यास टाकी आंबते आणि गॅस बंद होतो. त्याहून सोयीचे नाडेप टाके. ही पद्धत यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची, त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ती ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींना छिद्रे ठेवलेले विटांचे टाके, त्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर, आणि साधारण ९० ते १२० दिवसांत खत. शिजलेले अन्न घालताना आधी तेलकट रस्सा निथळून घ्यावा, भात दोन बोटांपेक्षा जाड थरात पसरू नये, त्यावर पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) बारीक चुरा आणि कोरडी माती लगेच टाकावी, नाहीतर रात्री कुत्री टाके उकरतात.

त्या मे महिन्यातील लग्नाचा दोन गंज भात आम्ही यजमानांच्याच वावरातील अशा टाक्यात, त्यांच्या त्याच मोठ्या मुलाबरोबर, कंदिलाच्या उजेडात चार थरांत घातला. तासभर लागला. तो एक शब्दही बोलला नाही, पण माती शेवटपर्यंत त्यानेच ओढली.